आठ वेण्यांचा माथा

रंजना,

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मी तुला फोन केला, तो टाके कमी करायचे होते म्हणून. टोपी कानांच्या वर पोचली होती, चार सुयांवर शहाण्णव टाके नीट बसले होते आणि माथा कुठून सुरू करायचा ते मला कळत नव्हतं. आधीच्या गुरुवारी तू म्हणाली होतीस, एवढं इनून ठेवा बाई, माथा पुढल्या गुरुवारी, तो सांगून येत नाय, बघावा लागतो. मला गुरुवारपर्यंत धीर धरवेना. फोन प्राजक्ताने उचलला. तुझ्या लेकीला मी तोंड उघडूच दिलं नाही. म्हटलं, "अगं, आईला विचार, आधी वेणी वळवायची की आधी मधले उलटे टाके कमी करायचे?"

तिने मला वाक्य पुरं करू दिलं. मग म्हणाली, "बाई, आई गेली."

मला वाटलं, बाजारात गेली. मी म्हटलं, "कधी येईल?"

हे मी विचारलं, रंजना. पंधरवडा होत आला, तरी माझा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. घाईचा, जरा त्रासलेला, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलीला विचारावं तसा. त्या पोरीला मग मला सगळं नीट सांगावं लागलं. चांगलं उजाडल्यावर तू गोठ्यात गेलीस, एका म्हशीचं दूध काढलंस, चरवी बाजूला सरकवलीस आणि भिंतीला टेकून बसलीस. तुझा नवरा, बाळाराम, अंगणात मोटरसायकल पुसत होता. त्याला वाटलं तू दम खात बसली आहेस. दहा मिनिटांनी त्याने हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय. सत्तेचाळीस वर्षांची तू. डोकं दुखतं म्हणून कधी गोळी घेतल्याचं मला माहीत नाही.

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते कुणालाच सांगितलेलं नाही. मी सुया उचलल्या आणि एक पूर्ण फेरी विणली. शहाण्णव टाके. डोळ्यांत पाणी नव्हतं, डोक्यात काही नव्हतं. फेरी संपली तेव्हा कळलं की आता विचारायला कोणी नाही. मग उठून चप्पल घातली.

कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने रिक्षा चालली होती आणि दोन्ही बाजूंना वालाची शेतं हिरवीगार होती. मागच्याच गुरुवारी तू त्यातल्या शेंगा आणून माझ्या ओट्यावर ओतल्या होत्यास. अर्ध्या अजून फ्रीजमध्ये होत्या. मला राहून राहून वाटत होतं की हा दुसऱ्या कुणाचा तरी निरोप आहे, रंजना नावाच्या बायका पुष्कळ असतात.

तुला पडवीत ठेवलं होतं. चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवलं नाही, म्हणून हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुईने पडलेला घट्टा तसाच होता. बाकी सगळी तू निवांत झालेली आणि तो घट्टा तेवढा अजून कामात असल्यासारखा. शेजारच्या एका बाईने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी तिची बाई. "शाळेतल्या होय?" ती म्हणाली. मी मान डोलावली.

त्या मानेची मला लाज वाटते. गेली चार वर्षं शिकवत तू होतीस, शिकत मी होते. आणि शाळेतली बाई म्हणून मी तुला काय दिलं, ते तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आपण दोघी त्यावर एक शब्दही बोललो नाही.

आज बोलते.

तू आठवीत होतीस. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. मराठी शिकवायचे आणि मुलींचा कार्यानुभवाचा तास माझ्याकडे होता. त्या वर्षी मी कानटोपी दिली होती. दोन सुयांवर सपाट पट्टा विणायचा, वरून दोरीने आवळायचा, मागून शिवायचा. मला तेवढंच येत होतं. मुलींनी आणलेल्या टोप्या माझ्या टेबलावर पडल्या होत्या, काही वाकड्या, काहींच्या शिवणी उसवलेल्या. तू कडावहून येणारी, मागच्या बाकावरची, कधी हात वर न करणारी मुलगी. तू राखाडी लोकरीची टोपी आणून ठेवलीस.

मी ती हातात घेतली आणि सवयीने उलटी करून शिवण बघायला गेले. शिवण नव्हती. पुन्हा फिरवून बघितली. कुठूनही सुरू झालेली दिसेना, कुठे संपलेली दिसेना. काठापासून वर आठ वेण्या चढत गेल्या होत्या, मुलींच्या केसांच्या घालतात तशा, पीळ न पीळ सारखा. पण मी थबकले ती माथ्यावर. तिथे त्या आठ वेण्या दोन-दोन करून एकमेकींत शिरल्या होत्या. आठाच्या चार, चारांच्या दोन, आणि मधोमध बदामाएवढी एक गाठ. कुठे चुणी नाही, कुठे भोक नाही.

मला ते येत नव्हतं. खरं कारण एवढंच होतं, रंजना. मला जे येत नाही ते कडावच्या तेरा वर्षांच्या मुलीला येणं शक्य नाही, असं मला वाटलं.

मी विचारलं, कुणी केली? तू म्हणालीस, मी. मी विचारलं, गोल विणायच्या सुया तुझ्याकडे कुठून आल्या? तू गप्प. शिकवलं कोणी? गप्प. मग मी चाळीस मुलींसमोर टोपी उंच धरली आणि म्हटलं, "ही तू विणलेली नाहीस. कुणाकडून करून आणलीस ते सांग, मी माफ करते."

तू खिडकीकडे बघत उभी राहिलीस. रडली नाहीस. तास संपेपर्यंत मी तुला उभंच ठेवलं. पासापुरते गुण दिले आणि सांगितलं की मी शिकवली तशी टोपी पुन्हा विणून आण. चार दिवसांत तू आणलीस. सपाट विणलेली, मागून शिवलेली, वर्गातल्या कुणाही मुलीपेक्षा नीट. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. किंवा पडला असेल आणि मी बघितलं नसेल. दहावीपर्यंत तू शाळेत होतीस, पण माझ्या तासाला तू पुन्हा लोकरीला हात लावला नाहीस. भरतकाम घेतलंस.

त्यानंतर तीस वर्षं गेली. मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात कर्जतच्या बसस्टँडसमोर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी पंक्चरच्या दुकानात एक माणूस मोटरसायकलच्या चाकाशी उकिडवा बसला होता. रसायनीला कारखान्यात पहिली पाळी करून आलेला, हेल्मेट जमिनीवर ठेवलेलं. खाली वाकल्यामुळे त्याच्या डोक्यावरच्या टोपीचा माथा बरोबर माझ्यासमोर होता. आठाच्या चार. चारांच्या दोन. मधोमध गाठ.

मी त्याला विचारलं, टोपी कुठून घेतली? तो हसून म्हणाला, बायकोनं इनली. मी तिचं माहेर विचारलं, नाव विचारलं. त्याने सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या शटरला हात लावून उभी राहिले. बाळारामला वाटलं मला चक्कर आली, त्याने पंक्चरवाल्याकडून पाणी मागून दिलं. निघताना मी त्याच्याकडून तुझा नंबर घेतला.

घरी येऊन मी वाक्य तयार केलं. माफीचं. दोनदा कागदावर लिहिलं. तुला फोन लावला, तू "कोन?" म्हणालीस आणि माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "मी शाळेतल्या बाई बोलतेय. मला ती टोपी शिकवशील का?"

तू म्हणालीस, "येते गुरुवारी."

तू आलीस. पदराने कपाळ पुसत, पिशवीत पाच सुया आणि शेंगा घेऊन. खुर्चीवर बसेनास, जमिनीवर बसलीस, मग मीही गुडघे कुरकुरत असताना जमिनीवर बसले. पहिल्याच दिवशी मी टाके जोडताना फेरी पिळली. तीन इंच विणून झालं तेव्हा तू बघितलंस आणि एक शब्द न बोलता सुई काढून घेतलीस, सगळं उसवलंस, लोकर गुंडाळून माझ्या हातात दिलीस. असं तीनदा झालं. चौथ्यांदा टाके सरळ बसले तेव्हा म्हणालीस, आता बाई, ही टोपी पळून जायची नाय.

मला मात्र तुझं शिवणीवरचं वैर कळत नव्हतं. आपण त्यावर दोन वर्षं भांडलो. मी म्हणायचे, सपाट विणावं, दोन सुयांवर काम झरझर होतं, मागे एक बारीक शिवण आली तर कोणाचं काय बिघडतं? तू म्हणायचीस, "डोक्याला इचारा बाई. शिवण म्हंजे हेल्मेटखाली खडा." बाळाराम आठ तास हेल्मेट घालतो. घाटात ठाकुरवाडीला रेल्वेच्या लाईनवर काम करणारी माणसं घालतात. दुसऱ्या हिवाळ्यात तू हट्टाने मला तिथल्या माणसांसाठी टोप्या विणायला बसवलंस. तू सात केल्यास, मी एक, आणि माझ्या एकीचाही माथा तूच करून दिलास. माथा तू नेहमी स्वतःकडे घ्यायचीस. "आधी भिंती उभ्या करा," म्हणायचीस, "छपराचं बगू." वेणी वळवायला वेगळी सुई असते, ती मी दुकानातून आणून दिली होती. तू ती प्राजक्ताला देऊन टाकलीस आणि आपल्या अंबाड्यातला आकडा काढून त्यावर तीन टाके घेतलेस. ते झाल्यावर आकडा परत केसांत.

आणि वही. रंजना, वहीचं भांडण आपलं राहूनच गेलं, आणि त्यात माझं खरं होतं. मी दर गुरुवारी वही घेऊन बसायचे, तू ती बंद करायचीस. लिवलं की हात आळशी होतो, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचे, अगं, मी साठीची, मला आठवत नाही, आणि उद्या तू आली नाहीस तर? तू म्हणायचीस, "मी कुठं जातेय?"

हे आठवलं की मला तुझा राग येतो. अगदी खरा राग. चार ओळी लिहू दिल्या असत्यास तर काय झालं असतं? बारा टाक्यांचा एक घास, असे आठ घास, सहाव्या फेरीला पीळ, एवढं मला येतं. त्याच्या पुढचं तू घेऊन गेलीस. बसल्या जागेवरून, चरवीसुद्धा उचलून न ठेवता.

एकदा मी बोलायला सुरुवात केली होती. गेल्या दिवाळीच्या आधीचा गुरुवार असावा. तू आत येतानाच कसल्या तरी आनंदात होतीस, प्राजक्ताला बारावीनंतरचा कोर्स मिळाला होता. मला वाटलं, आज. मी सुया खाली न ठेवताच म्हटलं, "रंजना, तू आठवीत असताना..."

"बाई," तू म्हणालीस, "टाका गळला तुमचा."

मी खाली बघितलं. खरंच गळला होता, चार फेऱ्या खाली गेला होता. तू आकडा काढलास, शिडीच्या पायऱ्या चढावं तसा एकेक धागा वर घेत तो टाका सुईवर आणून ठेवलास. त्यात दहा मिनिटं गेली. मग तू चहा मागितलास, जो तू कधी मागत नसायचीस. मी पुढचं वाक्य गिळलं. तुला बोलायचं नव्हतं की तुला फक्त टाका दिसला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळण्याचा रस्ता नाही.

दहावा दिवस गुरुवारी आला. सकाळी माझ्या हाताने सवयीने लोकरीची पिशवी उचलली आणि मी ती खांद्याला लावूनच तुमच्याकडे पोचले. पुरुष पाताळगंगेवर गेले होते, ते परत आले. पानं वाढायला अवकाश होता. मी पडवीत प्राजक्ता आणि बाळारामजवळ बसले आणि मला वाटलं, तुला नाही सांगता आलं, निदान तुझ्या माणसांना सांगावं. मी सांगितलं. वर्ग, टोपी, खिडकी, सगळं. प्राजक्ता माझ्याकडे टक लावून बघत होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाळाराम जमिनीकडे बघत होता. म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही, पण तुमचा पहिला फोन आला त्या संध्याकाळी रंजना भाकरी थापताना एकटीच हसत होती. त्याने विचारलं तर म्हणाली, माझ्या बाईंना माझ्याकडून टोपी शिकायचीय. आणि पुन्हा हसली. भाकरी करपली त्या दिवशी, तो म्हणाला.

तू हसलीस. चार वर्षं मी तुझ्यासमोर अपराध्यासारखी बसत होते आणि तू त्या संध्याकाळी हसली होतीस.

मागे खांबाला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उंच, एक पाय आखडलेला, काठी मांडीवर आडवी. कडावहून आलेले तुझे नाना, तुझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ते ऐकत होते हे मला माहीत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "ती बोलली नाय, कारन मी तिला शपत घातली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं.

नाना फौजेत होते. तरुणपणी पाय जायबंदी झाला आणि वर उत्तरेकडे कुठेतरी ते सात महिने हॉस्पिटलात पडून होते. शेजारच्या खाटेवर पहाडातला एक जवान होता. त्याच्या गावाकडे मेंढ्या राखता राखता पुरुषही विणतात. त्याने यांना विणायला शिकवलं, हात रिकामा राहिला की माणूस खुळावतो म्हणून. काठापासून सुरू करून गोल गोल वर जायचं, शिवण ठेवायची नाही, थंडीत शिवण कानाला चावते. नाना गावी परतले आणि एकदा अंगणात सुया घेऊन बसले. गावातल्या लोकांनी त्यांना वर्षभर पुरेल इतकं हसून घेतलं. फौजी माणूस आणि बायकांचं काम. त्यांनी सुया माळ्यावर नेल्या. सायकलच्या तारा घासून त्यांनी त्या स्वतः केल्या होत्या. मग माळ्यावरच, शिडी वर ओढून घेऊन, विणायचे. कुणाला दाखवायचे नाहीत. लोकर संपली की तीच टोपी उसवून पुन्हा.

तू नऊ वर्षांची असताना मांजराचं पिल्लू शोधत माळ्यावर चढलीस आणि त्यांना पकडलंस. त्यांनी तुला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तू म्हणालीस, मंग मला शिकवा.

"शाळंतून आली त्या दिशी मला बोलली, बाई म्हनाल्या तू केली नाय," नाना सांगत होते. "मी बोललो, उद्या मी येतो शाळंत, सांगतो बाईंना. तर बोलली, नाय नाना, मंग सगळ्यांना कळंल. ऱ्हाऊ दे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मी ऱ्हाऊ दिलं, बाई. मी मोठा मानूस, मी जायाला पायजे होतं. मला हसतील म्हनून मी गेलो नाय."

तुझ्या ज्या गप्प राहण्याला मी तीस वर्षं कबुली समजत होते, ते हे होतं. खिडकीकडे बघत उभी राहिलेली तू एका माणसाची लाज राखत होतीस. तेरा वर्षांची. एक तासभर, चाळीस मुलींसमोर, पाय न हलवता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, म्हणजे तो माथाही तुम्ही शिकवलेला?

नानांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची टोपी वर पिशवीच्या तोंडासारखी दोरीने आवळलेली असायची, त्या जवानाचीही तशीच. वर चुण्यांचा गोळा यायचा. तुला तो आवडायचा नाही. आठवीत असताना तू त्यांच्या टोपीचा वरचा भाग कितीदा तरी उसवून बघितलास, वेण्या दोन-दोन एकत्र आणायची युक्ती काढलीस आणि शेवटी काठापासून माथ्यापर्यंत स्वतः विणलेली टोपी शाळेत घेऊन आलीस. पुढे नानांनी ती घालून घालून झिजवली.

"माथा तिचा," ते म्हणाले. "मला अजून येत नाय."

म्हणजे, रंजना, त्या टोपीतला जो भाग बघून मी म्हटलं की हा तुझा नाही, तेवढाच पुरता तुझा होता.

मी उठले. मला काय झालं होतं कोण जाणे, वर्गात उभी राहायचे तशी पडवीच्या मध्ये उभी राहिले आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, रंजना आठवीत असताना तिने एक टोपी विणली होती. मी म्हटलं ती तिची नाही. ती तिचीच होती. मी तिच्यावर खोटा आळ घेतला होता.

पत्रावळी घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. कुणाला काही कळलं नाही. एक वयस्क बाई मायेने म्हणाली, बसा बाई, आता काय त्याचं. आणि पानं वाढायला घेतली. मी इतकी वर्षं ज्या वाक्याला घाबरत होते ते अंगणात पडलं आणि लोक त्याला वळसा घालून आमटी वाढू लागले. ते तुझ्यासमोरच बोलायचं होतं. दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नव्हता.

जेवणं झाल्यावर बाळाराम आतून त्याची टोपी घेऊन आला. म्हणाला, "माथ्याकडून उसवा बाई. कळंल तुमाला कसं केलं ते." त्याचा हात पुढे होता आणि टोपीवरची पकड सुटत नव्हती. मी नाही म्हटलं. मग प्राजक्ता आणि मी उन्हात बसून सुईच्या टोकाने बाहेरूनच टाके मोजले. ती मोजायची, मी लिहायचे, हो, वहीत, माफ कर. आधी उलटे टाके कमी केले आहेस, वेणी नंतर वळवली आहेस. मंगळवारच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. आठाच्या चार कशा झाल्या ते समजलं. चारांच्या दोनही, थोडं अंदाजाने. पण त्या गाठीत शेवटचे आठ टाके आहेत, ते कसे गुंतवलेस ते काही दिसत नाही. प्राजक्ता म्हणाली, मी करून बघते, चुकलं की उसवीन. तू गुरुवारी येशील का, असं मी तिला विचारलं नाही. तिनेही काही कबूल केलं नाही. तिचा कोर्स आहे, घर आहे, आता गोठाही आहे.

नाना इतका वेळ आमच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं आणि विचारलं, सुया हायत का आनखी? माझ्याकडे दुसरा जोड होता. लोकरीचा गुंडाही होता, निळा. नाना उठले, काठी टेकत पडवीच्या कडेला आले आणि रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसले. अंगणात मांडवाखाली पन्नासेक माणसं होती, तुमच्या गावातली, कडावची. त्यांनी टाके घालायला सुरुवात केली. बोटं चुकत नव्हती.

कडावचा कुणीतरी त्यांच्याच वयाचा माणूस जवळ आला. थोडा वेळ बघून त्याने विचारलं, "नाना, ह्ये काय करताव?"

"टोपी इनतोय," नाना म्हणाले. "पन्नास वर्सं इनतोय. पोरीला मीच शिकवलं."

मांडवाखाली मागच्या बाजूला कोणीतरी हसलं, लगेच दाबलेलं हसू. मी तिकडे वळून बघितलं, प्राजक्तानेही बघितलं. नानांनी बघितलं नाही. बोलण्याच्या नादात त्यांची मोजणी चुकली होती. त्यांनी सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्याने. एक. दोन. तीन. चार.